बेचाळीस ग्रॅमचा पाहुणचार

"हात लावू नका हो! काटा आधी शून्यावर येऊ दे."

डबा धरलेला माझा हात तसाच हवेत राहिला. टेबलावर तिचा वजनकाटा, काट्यासमोर ती आणि तिच्या हातात पेन्सिल. काटा शून्यावर आल्यावर तिनं मान हलवली आणि मी गॅसचा डबा अलगद ठेवला. तिनं आकडा लिहिला. उस्तादांनी फ्रीजमध्ये गॅस भरला, डबा परत काट्यावर आला, परत आकडा. वजाबाकी करून, फ्रीजमध्ये मावलेला गॅस त्यातनं वगळून ती म्हणाली, "एक्केचाळीस ग्रॅम! एवढाच हवेत गेला. काय हात आहे हो उस्ताद तुमचा!"

उस्ताद चक्क लाजले. इसाक मुजावर, वय अठ्ठावन्न, मिरजेतल्या निम्म्या फ्रीज मेकॅनिकांचे गुरू, ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं आम्ही सरळ व्हायचो, तो माणूस दाढी खाजवत खाली बघून हसत होता. मी पान्याला फडकं मारत बसलो. कारण तो एक्केचाळीस ग्रॅमचा आकडा धादांत खोटा होता आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

ही शहाण्णव सालची गोष्ट. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, आयटीआय करून उस्तादांच्या हाताखाली लागलो होतो. मिरजेत दवाखाने उदंड, त्यामुळं लसींचे फ्रीज, रक्ताचे फ्रीज, डॉक्टरांच्या घरचे फ्रीज, कामाला तोटा नव्हता.

ती संयोगिता मगदूम. सांगलीची, जैनाची मुलगी, पर्यावरण विषयात एमेस्सी केलेली. पहिल्या दिवशी तिनं एक छापील पत्रक आमच्यापुढं ठेवलं होतं. नैरोबीला एक संस्था होती, तिथं चौदा महिन्यांचं संशोधन प्रशिक्षण. विषय, ओझोनचा थर आणि हवामान यांच्या रक्षणाचं सरकारी धोरण कसं ठरवायचं. साऱ्या जगातनं नऊ माणसं घेणार. अर्जासोबत आपल्या गावचा एक अभ्यास जोडायचा होता. तिनं ठरवलं होतं, फ्रीज दुरुस्त करताना किती गॅस हवेत जातो ते मोजायचं.

"पण आमच्या गॅसचा आणि आभाळाचा काय संबंध वो मॅडम?" उस्तादांनी विचारलं होतं.

"वर एक थर आहे, चाचा. उन्हातला जाळणारा भाग तो अडवतो. तुमचा हा बारा नंबरचा गॅस वर जाऊन त्या थराला खातोय."

"मिरजेतनं?"

"मिरजेतनं पण."

उस्तादांनी मान वर करून दुकानाच्या पत्र्याकडं बघितलं. "एवढ्या लांब जातोय? आमची एस्टी कोल्हापूरला येळेत जात न्हाई."

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मी तिला हसताना बघितलं आणि तिथंच माझा निकाल लागला. उगाच लांबण लावत नाही.

आता ते खोटं कसं झालं ते सांगतो. आमची कामाची रीत साधी होती. फ्रीजची नळी कापायची, आतला जुना गॅस दारातनं बाहेर सोडून द्यायचा. मग नळीत ओल आणि कचरा राहू नये म्हणून नवाच गॅस दोनदा आतनं फिरवायचा आणि तोही सोडायचा. आम्ही त्याला 'धुणं' म्हणायचो. शेवटी तिसऱ्यांदा खरा भरायचा. पंप लावून हवा ओढायची पद्धत पुस्तकात होती, पण पंप कुणाकडं होता? सगळं मिरज असंच काम करत होतं.

पण मॅडम मोजायला येणार म्हटल्यावर उस्तादांनी एका दवाखान्याच्या मेंटेनन्सवाल्याकडनं पंप मागून आणला. "पोरगी परदेशी चाललीया. आपल्या दुकानाचं नाव कागदावर जाणार. पाहुणी यायच्या आधी आपण अंगण झाडतो का न्हाई?" असं म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तर बरं. ती आणखी चार दुकानांत जाणार होती. उस्तादांनी चारही ठिकाणी निरोप धाडला, मॅडम असेपर्यंत धुणं बंद. पंप पण या दुकानातनं त्या दुकानात फिरायला लागला. तिच्या आधी तासभर पंप जायचा आणि मागनं ती. यात कुणाला फसवायचं नव्हतं हो. पाहुणीपुढं घाण करायची नाही, एवढंच आमच्या टाळक्यात होतं. ती काय मोजायला आलीय हेच आम्हाला कळलं नव्हतं.

तीन महिने असं चाललं. ती सकाळी दहाच्या बसनं सांगलीहून यायची. त्यांच्यात सूर्य मावळायच्या आत जेवतात, म्हणून पाचच्या बसनं परत. दुपारी स्टुलावर बसून पेरूला मीठ लावून खायची, एक फोड मला द्यायची.

"मॅडम म्हणू नका," एकदा म्हणाली. "तुमच्यापेक्षा दीड वर्षानं लहान आहे मी."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे की मला."

मी घरी जाऊन गच्चीवर एकटाच ते नाव म्हणून बघितलं. दुकानात मात्र मॅडमच म्हणत राहिलो.

तिला नैरोबीला जायचं होतं. किती जायचं होतं ते मी रोज ऐकत होतो. "आमच्या घरातली एकही मुलगी सांगलीच्या पुढं शिकायला गेली नाही," ती सांगायची. "हे झालं नाही तर इथंच कॉलेजात नोकरी धरायची. बाबांनी बोलून ठेवलंय." ती हे तोंड वाकडं करून सांगायची आणि माझ्या मनात मात्र ते कॉलेज, ती दहाची बस आणि पेरूची फोड कायमची होऊन बसायची. लाज वाटते सांगायला, पण मी मारुतीला नारळ बोलायला गेलो आणि कशासाठी बोलायचा ते न ठरवता परत आलो.

तिनं अर्ज धाडला आणि मग संस्थेचं पत्र आलं. सोमवारी पुण्याला मुलाखत होती. अर्ज तपासणाऱ्यांनी सोबत एक प्रश्न पाठवला होता. गुरुवारी ती दुकानात आली ती घामाघूम, पिशवी खांद्यावरनं खाली न ठेवताच बोलायला लागली.

"विलासराव, जुळत नाही. मी बासष्ट फ्रीज मोजले. सरासरी बेचाळीस ग्रॅम हवेत जातोय. पण गॅस विकणाऱ्याकडं वर्षाचे डबे विचारले तर मिरजेत, फ्रीजमध्ये भरलेला धरूनही, माझ्या हिशोबाच्या तिप्पट-चौपट गॅस खपतोय. मग उरलेला जातो कुठं? त्यांनी हेच विचारलंय. सोमवारी मी काय सांगू?"

उस्ताद आत कॉम्प्रेसर उघडत होते. त्यांचा हात थांबला, पण ते बाहेर आले नाहीत.

"जुने डबे लोक साठवून ठेवत असतील," मी म्हणालो.

"इतके?"

"असतील की."

ती जवळ आली. "विलासराव, तुम्ही माझ्यापासून काही लपवत नाही ना?"

मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. "नाही बुवा. लपवण्यासारखं काय आहे?"

तिनं खांद्यावरची पिशवी सारखी केली. "बरं," म्हणाली आणि दहा मिनिटांत निघून गेली. त्या दिवशी तिनं काटा पिशवीतनं काढलासुद्धा नाही.

उस्ताद बाहेर आले. "सांगायला पायजे होतं का रे?"

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"मला लाज वाटली." त्यांनी हात पुसले. "तीन महिने पोरगी माझा हात वाखाणतीया. कुठल्या तोंडानं सांगू, की बाई, तू गेलीस की आम्ही फवारा सोडतो म्हणून? आणि तू? तुला कशाची लाज?"

मी पाना उचलून आत कॉम्प्रेसरकडं गेलो. मला लाज नव्हती, उस्ताद. मला ती इथं हवी होती. मुलाखतीत तिची दांडी उडाली की सगळं आपोआप होणार होतं, मला बोटसुद्धा उचलायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. एवढं सोपं पाप आयुष्यात परत कधी वाट्याला आलं नाही.

शुक्रवार गेला. शुक्रवारी मी तीन फ्रीज केले आणि तिन्ही धुतले. प्रत्येक वेळी दारातनं पांढरा फवारा निघाला की वाटायचं, हे तिचे ग्रॅम चाललेत. शनिवारी दुपारी एका डॉक्टरीण बाईंचा फ्रीज उघडा टाकून मी सायकल काढली आणि सांगलीचा रस्ता धरला. उस्तादांनी विचारलं नाही कुठं चाललास म्हणून.

तिच्या घरी मंडळी जेवत होती, सव्वापाच झाले होते. तिच्या आईनं दारातनं बघितलं. "कोण पाहिजे?"

"मिरजेहून आलोय, काकू. फ्रीजवाला."

"आमचा तर चालू आहे."

"मॅडमकडं काम आहे. अभ्यासाचं."

"या की मग आत, दोन घास खा." मी नको म्हणालो. आईच्या मागनं ती हात धुऊन बाहेर अंगणात आली. मी सायकल धरूनच उभा होतो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. धुणं, फवारा, मागून आणलेला पंप, चार दुकानांना गेलेला निरोप. गुरुवारी खोटं बोललो तेही.

तिचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे बासष्ट फ्रीज... विलासराव, मग तीन महिने मी काय मोजलं?"

"आमचा पाहुणचार," मी म्हणालो.

ती रागावेल म्हणून मी तयारीत होतो. ती मटकन पायरीवर बसली आणि कपाळाला हात लावला. मग तिनं विचारलं, "हे आज का सांगताय?"

"तुम्हाला तिकडं जायचंय म्हणून."

"हो," ती म्हणाली. "जायचंय." आणि परत एकदा माझ्याकडं बघून, "उद्या दुकान उघडाल?"

रविवार होता, तरी उघडलं. उस्तादांनी शेजारपाजारचे, नातेवाइकांचे मिळून सहा बिघडलेले फ्रीज हातगाडीवरनं गोळा करून ठेवले होते. पंप परत पाठवला होता. पण पहिल्या फ्रीजची नळी कापायची वेळ आली आणि उस्ताद अडले.

"मॅडम, जरा बाहेर उभ्या राहा की."

"मी बाहेर राहिले तर मोजू कसं, चाचा?"

"मला न्हाई जमत तुमच्यासमोर."

तिनं काट्यावर डबा ठेवला, आकडा लिहिला आणि स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली. "चाचा, तुम्ही चोरी करत नाही. पंप नाही म्हणून असं करता. हे मी तिथं सांगितलं, तर उद्या सरकारला मिरजेत पंप द्यावा लागेल. त्याच्यासाठीच तर धोरण असतं. तुम्ही झाकलंत तर कुणाला कळणार?"

उस्तादांनी तिच्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या पत्रकातला 'धोरण' हा शब्द कळला असावा. त्यांनी तोंड दाराकडं फिरवलं, आमच्याकडं पाठ केली आणि वॉल्व्ह उघडला. सुर्रर्र करून फवारा बाहेर गेला. एकदा जुना, मग दोनदा नवा.

"तीनशे सत्तर," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "काय हो हे!"

"अस्तगफिरुल्लाह," अल्लाची माफी मागत उस्ताद पुटपुटले.

संध्याकाळपर्यंत सहाही झाले. शेवटच्या दोन फ्रीजचे आकडे मी स्वतः लिहिले, कारण ती मध्येच उठून चारही दुकानांत फिरून आली. तिथल्या लोकांनीही मान खाली घालून कबूल केलं. जाताना तिनं बेचाळीस ग्रॅमची पानं फाडली नाहीत. म्हणाली, "हीच तर दाखवणार. पंप असला की बेचाळीस आणि नसला की पावणेचारशे. याच्याहून चांगला पुरावा मला तीन वर्षांत मिळाला नसता." आणि मला म्हणाली, "तुमच्या पाहुणचाराचे उपकार."

सोमवारी ती पुण्याला गेली. पुढच्या आठवड्यात निवड झाल्याची तार आली.

तेच सांगायला ती दुकानात आली, पेढे घेऊन. उस्तादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पेढा तोंडात टाकला आणि डोळे पुसत पुसतच दुपारच्या नमाजाला निघून गेले. दुकानात आम्ही दोघंच राहिलो. मला वाटतं, ती या वेळेची वाट बघत होती.

"विलासराव, एक विचारू?"

"विचारा की."

"गुरुवारी तुम्ही खोटं बोलताय हे मला तेव्हाच कळलं होतं."

मी उगाच पान्याला फडकं मारायला लागलो.

"तीन महिने तुम्ही माझ्याशिवाय दुसरीकडं बघितलं नव्हतंत. त्या दिवशी कॅलेंडरकडं बघून बोललात." तिनं पेढ्यांच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळला. "घरी जाऊन मी विचार केला, हा माणूस का खोटं बोलला असेल? गॅसवाल्याचे आकडे माझ्याकडं होते, कुठल्याही पोराला विचारलं असतं तरी खरं कळलं असतं. मी कुणालाच विचारलं नाही. शुक्रवार सगळा घरात बसून काढला. शनिवारी पण."

"का?"

"मला वाटलं, तुम्हाला मला थांबवायचं असेल."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"थांबले असते की नाही ते मला आजही सांगता यायचं नाही," ती म्हणाली. "पण विचार केला असता, विलासराव. फार विचार केला असता. मग तुम्ही सायकलवरनं आलात आणि म्हणालात, तुम्हाला तिकडं जायचंय म्हणून सांगतोय. मी म्हटलं, बरं. म्हणजे तसं काही नव्हतं."

आता बोल, असं आतनं कुणीतरी ओरडत होतं. बोल मर्दा! तिनं सगळं ताटात वाढून पुढं ठेवलं होतं. मला फक्त खायचं होतं. आणि मी काय म्हणालो सांगू?

"जागा मोठी आहे, मॅडम. अशी संधी कुणी सोडतं होय?"

ती हसली. त्या हसण्याला काही अर्थ नव्हता. "नाही," म्हणाली. "कुणी सोडत नाही." पुडा टेबलावर ठेवून तिनं पदर सारखा केला, उस्तादांना सांगा म्हणाली आणि गेली. मी दारापर्यंतसुद्धा गेलो नाही.

या गोष्टीला आज अठ्ठावीस वर्षं झाली. नंतर खरंच मिरजेत पंप आले, बारा नंबरचा गॅस गेला, आमच्यासाठी प्रशिक्षणाचे वर्ग निघाले. त्यात तिचा किती वाटा, ते मला माहीत नाही. ती तिकडंच स्थायिक झाली असं तिच्या भावाकडनं कळलं. उस्ताद गेले. माझं लग्न झालं, दोन मुली झाल्या, बायको सोन्यासारखी आहे आणि मी सुखी नाही असं मी कधीच म्हणणार नाही.

पण धाकटी परवा पुढं शिकायला बंगळूरला निघाली. मी तिला बसमध्ये बसवून दिलं. ती खिडकीतनं म्हणाली, "बाबा, काही सांगायचंय?" सगळेच विचारतात तसं तिनं सहज विचारलं होतं. मी नाही म्हणालो, नीट जा म्हणालो आणि घरी येऊन हे लिहायला बसलो.

पेढ्यांच्या त्या दुपारी मी थोर वागलो, असं मला बरीच वर्षं वाटायचं. तिच्या वाटेत आलो नाही, तिचं भलं केलं. खोटं आहे ते. शनिवारी सायकल काढली तेव्हा मी थोर होतो. पण त्या दुपारी, तिनं विचारल्यावर, मी घाबरलो. एमेस्सी झालेली मुलगी आणि आयटीआयचा मेकॅनिक, जैनाचं घर आणि आमचं कोष्ट्याचं घर, हे सगळं डोळ्यांपुढं आलं आणि मी घाबरलो. जायचं तर ती गेलीच असती, आणि तिनं जायलाच हवं होतं. मला तिला अडवायचं नव्हतं. मला एकदा तिचं नाव तिच्यासमोर घ्यायचं होतं आणि सांगायचं होतं, संयोगिता, तू जा, पण मला तू हवी आहेस.